फायनल_फायनल_२ च्या आधी काय करायचं: डिझाइनच्या फेऱ्या, फीडबॅक आणि माझे जमलेले-फसलेले प्रयोग

डिझाइन कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाच्या ज्युरीला, म्हणजे काम तपासायच्या परीक्षेला, मी एका पोस्टरची १४ व्हर्जन्स घेऊन गेले होते. भिंतीवर ओळीने लावली, मनात म्हटलं आता बघू कोण म्हणतं मेहनत दिसत नाही. सरांनी चष्मा कपाळावर चढवून डावीकडून उजवीकडे एक चक्कर मारली, परत उलटे आले आणि म्हणाले, "बरं, यातलं दुसरं कुठलं?" मला आधी प्रश्नच कळला नाही. मग कळला. चौदाच्या चौदा एकच पोस्टर होतं, कुठे निळा जरा गडद, कुठे टायटल चार पॉइंट मोठं, कुठे फोटो डावीकडचा उजवीकडे गेलेला, बास.

पुढच्या सेमिस्टरला मी ठरवून एकच ब्रीफ, म्हणजे काय बनवायचं ते सांगणारं काम, घेतलं आणि ते तीन वेगवेगळ्या पद्धतींनी केलं. ब्रीफ साधं: पुस्तक अदलाबदलीच्या कार्यक्रमाचं ए-३ पोस्टर. पहिल्यांदा एकटीने, शेवटपर्यंत कोणालाही न दाखवता. दुसऱ्यांदा एक व्हर्जन केलं की दाखवलं, सुधारलं, परत दाखवलं, असं. तिसऱ्यांदा एकदम तीन दिशा घेऊन. खाली जे लिहिलंय ते या तिसऱ्या पद्धतीचं, आधीच्या दोन्हीत जिथे जिथे तोंडावर पडले ते धरून. वर्गात डबल डायमंडची आकृती सगळ्यांनाच दाखवतात, ब्रिटनच्या डिझाइन काउन्सिलची, आधी कल्पना पसरा मग आवळा, परत पसरा परत आवळा. चुकीचं काहीच नाही त्यात, पण सकाळी टेबलाशी बसल्यावर हातात नक्की काय घ्यायचं हे ती आकृती काही सांगत नाही, म्हणून हे सगळं लिहायला घेतलं.

पायरी १: ब्रीफ असं लिहा की त्यात नापास होता येईल

माझ्या पहिल्या वहीत ब्रीफ असं होतं: "क्रिएटिव्ह आणि कॅची पोस्टर बनवणे." आता यात नापास कसं होणार? कुठलंही पोस्टर कोणाला ना कोणाला कॅची वाटतंच. म्हणून तीन गोष्टी लिहायच्या, कोण बघणार, कुठून आणि किती वेळ बघणार, आणि बघून झाल्यावर त्याने काय करायचं. माझं सुधारलेलं वाक्य: "कॉरिडॉरमधून फोन हातात घेऊन चालत जाणाऱ्या विद्यार्थ्याला पाच सेकंदांत कळलं पाहिजे की एक पुस्तक आणायचं, एक न्यायचं, आणि कोणत्या तारखेला." वाक्य काही सुंदर नाहीये, पण ते मी भिंतीवर चिकटवलं आणि नंतर निम्मी भांडणं त्यानेच सोडवली.

पायरी २: थंबनेल, आणि ती भरपूर

थंबनेल म्हणजे लेआउटची छोटी कच्ची चित्रं. इथे लोक कंटाळा करतात आणि इथेच सगळं घोडं अडतं. कंप्युटर उघडायचा नाही. एक ए-४ कागद घ्या, अर्ध्यात दुमडा, परत अर्ध्यात, परत अर्ध्यात. उघडला की ८ चौकटी मिळतात, प्रत्येक ए-७ म्हणजे ७४ × १०५ मिमी. यातली गंमत म्हणजे ए मालिकेतल्या सगळ्या कागदांचं प्रमाण एकच असतं, १ ला वर्गमूळ २, त्यामुळे ही चिमुकली चौकट तुमच्या ए-३ पोस्टरच्या अगदी प्रमाणात असते, पट्टी लावायची गरज नाही. मी आधी वहीत अंदाजाने चौकटी काढायचे आणि मग मोठ्या कागदावर गेल्यावर लेआउट बसायचाच नाही, कारण चौकट मुळात जास्त लांबट काढलेली असायची.

पेन जाड घ्या, स्केचपेन किंवा मार्कर, बारीक पेन घेतलं की हात डिटेलमध्ये शिरतो. एका चौकटीला दोन मिनिटं, टायमर लावून. चार कागद म्हणजे ३२ चौकटी, साधारण तासाभराचं काम.

पहिल्या आठांत काय काय येतं ते आत्ताच सांगते: उघडं पुस्तक, पंख असलेलं पुस्तक, पुस्तकांची चळत, पुस्तकाचं झाड, पुस्तकातून निघणारा बल्ब, पुस्तकाभोवती दोन बाण. सगळ्यांच्या डोक्यात वरच्या थराला हेच असतं. ते वाईट नसतं, पण ते तुमचं नसतं. काढून टाका कागदावर म्हणजे डोकं मोकळं होतं. बाराव्या-तेराव्या चौकटीला माझं डोकं पूर्ण रिकामं झालं, अगदी खरोखर मी खिडकीबाहेर बघत बसले होते, आणि याच क्षणी मोबाइल उघडून रेफरन्स शोधायचा मोह होतो. थांबा. १९९१ मध्ये जॅन्सन आणि स्मिथ या दोन संशोधकांनी इंजिनिअरिंग डिझाइनवाल्यांवर प्रयोग केले होते, काही जणांना कामाबरोबर एक नमुना दाखवला आणि काहींना नाही. ज्यांनी नमुना बघितला त्यांच्या डिझाइनमध्ये त्या नमुन्यातल्या गोष्टी उतरल्याच, चुकांसकट. याला डिझाइन फिक्सेशन म्हणतात. मूडबोर्ड, म्हणजे आवडलेल्या नमुन्यांचा कोलाज, वाईट असतो असं माझं म्हणणं नाही, पण निदान दोन कागद भरेपर्यंत तो बंद ठेवा.

अडकलात तर प्रत्येक कागदाला एक अट घाला. माझ्या अटी अशा होत्या: एक कागद फक्त अक्षरांचा, एक फक्त काळ्या आकारांचा, आणि एक असा की ज्यात पुस्तक कुठेही दिसता कामा नये. शेवटच्या अटीने फार छळलं, पण त्याच कागदावर मला पुस्तकात ठेवायची खूण सापडली. पुस्तक नाही, नुसती खूण, कोणीतरी अर्ध्यात सोडलेली. (नंतर खुणेच्या पाठीमागे पुस्तक परत आलंच, पण ते आता हिरो नव्हतं.)

पायरी ३: तीन दिशा, एकमेकींपासून लांब

३२ मधून तीन निवडायच्या. सगळ्यात आवडत्या तीन नाही, एकमेकींपासून सगळ्यात लांबच्या तीन. त्याची चाचणी सोपी आहे, फक्त रंग आणि फॉन्ट बदलून एकीची दुसरी करता येत असेल तर त्या दोन नाहीत, एकच आहे. माझी १४ व्हर्जन्स या चाचणीत एका झटक्यात १ झाली असती.

माझ्या तिघी:
अ: पुस्तकाभोवती गोल फिरणारे दोन बाण. (हो, वरच्या थरातलंच, पण मला भारी आवडलं होतं.)
ब: फक्त अक्षरं, "वाचून झालं?" एवढं मोठं की कागदाबाहेर जातंय.
क: बंद पुस्तकातून डोकावणारी खूण, आणि तारीख त्या खुणेवर.

आता तिन्ही सारख्याच कच्च्या ठेवायच्या. प्रत्येकीला ४५ मिनिटं, काळा-पांढरा, एकच फॉन्ट. यात मी एकदा चोरी केली, म्हणजे मुद्दाम नाही पण झाली, अ वर जीव होता म्हणून तिला रंग दिला, बाणांना छान वळण दिलं, आणि ब आणि क राखाडीच राहिल्या. वर्गात सगळ्यांनी अ निवडली. अर्थातच निवडणार! त्यांनी दिशा निवडली नव्हती, त्यांनी रंगवलेलं काम निवडलं होतं. परत सगळं समान पातळीवर आणून वेगळ्या लोकांना दाखवावं लागलं.

तिन्ही एकदम दाखवण्याबद्दल. २०१० मध्ये स्टॅनफर्डच्या स्टीव्हन डाऊ आणि सहकाऱ्यांनी नवशिक्यांना वेबसाठीच्या जाहिराती बनवायला दिल्या. दोन्ही गटांनी तेवढेच नमुने केले, फीडबॅकही दोघांना मिळाला, फरक एवढाच की एका गटाला प्रत्येक नमुन्यानंतर लगेच मिळायचा आणि दुसऱ्याला दोन-तीन नमुने एकत्र झाल्यावर. एकत्रवाल्या गटाच्या जाहिरातींवर जास्त क्लिक आले आणि त्यांचे नमुनेही एकमेकांपासून जास्त वेगळे होते. शिवाय एक-एकवाल्यांना फीडबॅक जास्त लागला मनाला. हे मला वाचायची गरजच नव्हती इतकं स्वतःवर अनुभवलं होतं. दुसऱ्या पद्धतीत मी एक व्हर्जन दाखवायचे आणि कोणी काही बोललं की ते माझ्याबद्दलच बोलताहेत असं वाटायचं. तीन असल्या की लोक तुलना करतात, "यात तारीख दिसते, त्यात नाही", आणि आपणही वकिली सोडून ऐकतो.

यावर कोणीतरी हमखास म्हणतं की पॉल रँड या नावाजलेल्या अमेरिकन लोगो डिझायनरने १९८६ मध्ये नेक्स्ट कंपनीला एकच लोगो दाखवला होता, पर्याय-बिर्याय काही नाही. खरं आहे. पण तो पॉल रँड होता, पाठीशी पाच दशकांचं काम होतं आणि त्या एका लोगोबरोबर तो कसा सुचला हे समजावणारी अख्खी पुस्तिका दिली होती. आपलं अजून कॉलेज चालू आहे.

पायरी ४: दाखवायचं कोणाला आणि विचारायचं काय

हा भाग मोठा आहे कारण माझ्या मते सगळी मेख इथेच आहे. फीडबॅक चांगला मिळत नाही अशी तक्रार सगळे करतात, मीही करायचे, पण आपण विचारतो काय? "कसं वाटतंय?" यावर समोरचा काय बोलणार? "छान आहे." मैत्रीण असेल तर "खूप छान आहे." हे उत्तर फुकट गेलं आणि चूक तिची नाही, प्रश्नाची.

पहिल्या फेरीला पाच माणसं पुरतात. युझेबिलिटीवाला, म्हणजे गोष्ट वापरायला सोपी आहे का ते तपासणारा, जेकब नील्सन २००० सालापासून सांगतोय की पाच जणांवर चाचणी केली तरी बहुतेक अडचणी बाहेर येतात, त्यापुढे तेच तेच ऐकू येतं. तो वेबसाइटबद्दल बोलत होता, पण पोस्टरलाही मला हाच अनुभव आला. माझे पाच असे: दोन वर्गातले, तीन डिझाइनशी काडीचा संबंध नसलेले. वर्गातल्यांनाच विचारलं तर केर्निंगवर, म्हणजे अक्षरांमधल्या अंतरावर, चर्चा होते, तारीख दिसली की नाही ते राहूनच जातं.

पद्धत: पोस्टर पाच सेकंद दाखवा, मनात मोजा, उलटं ठेवा. मग तीन प्रश्न. काय होतं? कधी आहे? तुला काय करायचंय? आणि ते जे बोलतील ते शब्दशः लिहा, आपल्या भाषेत सुधारून नाही. प्रत्येकाला तिघींचा क्रम बदलून दाखवायचा, नाहीतर पहिल्या पोस्टरवरची माहिती दुसऱ्याच्या उत्तरात मिसळते. (तरी थोडी मिसळतेच, म्हणून प्रत्येकीवर वेगळी तारीख टाकली होती. हे दुसऱ्या माणसानंतर सुचलं.)

माझ्या वहीतून जसंच्या तसं:
अ: "रद्दी गोळा करणारेत का?" "पर्यावरणाचं काहीतरी." "रिसायकल." पाचपैकी तिघं.
ब: पाचही जणांनी "वाचून झालं?" वाचलं, दोघं हसले, तारीख एकालाही आठवली नाही.
क: तारीख पाचही जणांना पाठ. पण दोघं म्हणाले, "पुस्तकांचा सेल आहे ना?"

माझी लाडकी अ तिथल्या तिथे संपली. दोन बाण गोल फिरवले की लोकांना रिसायकलिंग दिसतं, हे मला ३२ चौकटी काढताना एकदाही दिसलं नव्हतं आणि "कसं वाटतंय" विचारलं असतं तर कधीच कळलंही नसतं, कारण अ दिसायला खरंच छान होती.

दाखवताना तोंड बंद ठेवणं हे सगळ्यात अवघड. "अगं ते बाण म्हणजे अदलाबदल" असं एकदा सांगितलं की ती माणसं चाचणीसाठी बाद, कारण आता त्यांना माहितीये. पोस्टरशेजारी उभं राहून समजावायला आपण नसणार आहोत. मी हातात पेन धरून बसते, लिहीत राहिलं की बोलणं कमी होतं, आणि एकच वाक्य बोलायची परवानगी स्वतःला देते: "अजून सांग."

आणखी एक, काम जितकं पॉलिश केलेलं दिसेल तितका फीडबॅक बारीक गोष्टींवर येतो. गुळगुळीत प्रिंट दाखवली की लोक म्हणतात तो रंग जरा बघ, मार्करने काढलेलं दाखवलं की म्हणतात हे कळत नाहीये. तुम्हाला ढाचा तपासायचा असेल तर मुद्दाम कच्चं दाखवा.

वर्गातल्या क्रिटसाठी, म्हणजे एकमेकांच्या कामावर चर्चा करायच्या तासासाठी, आम्ही लिझ लेरमन या नृत्यदिग्दर्शिकेची पद्धत वापरून बघितली, तिने १९९० मध्ये बनवलेली. नृत्यासाठी होती पण चालते कुठेही. चार टप्पे: आधी बघणारे सांगतात त्यांना यात काय अर्थपूर्ण किंवा लक्षात राहण्यासारखं वाटलं. मग करणारा स्वतः प्रश्न विचारतो. मग बघणारे करणाऱ्याला प्रश्न विचारतात, पण न्यूट्रल, म्हणजे "एवढा भडक लाल का?" नाही, तर "लाल निवडताना डोक्यात काय होतं?" आणि शेवटी मत, तेही परवानगी घेऊन, "मला तारखेबद्दल एक मत आहे, ऐकायचंय का?" पहिल्या दिवशी सगळ्यांना हसू येत होतं, परवानगी काय मागायची, नाटकं. तिसऱ्या आठवड्यात कोणी हसत नव्हतं. आमच्यात एक मुलगा आहे, क्रिटमध्ये त्याचा आवाज कधी ऐकलाच नव्हता, त्याने दुसऱ्या टप्प्यात स्वतःहून पाच प्रश्न विचारले. प्रत्येकाला १२ मिनिटं दिली होती, त्यापेक्षा कमीत ही पद्धत घाईची होते.

पायरी ५: फीडबॅक चाळणे

सगळं ऐकायचं, सगळं करायचं नाही. कागदावर तीन रकाने पाडा: काय म्हणाले (शब्दशः), अडचण काय असावी, मी काय करणार. मधला रकाना हाच खरा. लोकांना त्रास नेमका जाणवतो पण ते औषधही सांगून मोकळे होतात, आणि ते औषध बहुतेकदा चुकीचं असतं.

उदाहरण. क बद्दल दोघं म्हणाले, "टायटल मोठं कर." टायटल आधीच पोस्टरवरची सगळ्यात मोठी गोष्ट होती, अजून मोठं केलं असतं तर खूणच झाकली गेली असती. मधल्या रकान्यात मी लिहिलं: टायटल शोधावं लागतंय. का? कारण टायटल आणि तारीख दोन्ही बोल्ड, दोन्ही ओरडताहेत. मग मी उलटं केलं, तारीख बोल्ड ठेवली आणि टायटलचं वजन, म्हणजे अक्षरांची जाडी, रेग्युलरवर आणलं, साइज तीच. पुढच्या फेरीत त्याच दोघांपैकी एक म्हणाली, "हां, मोठं केलंस ना, आता बरंय." मी काही बोलले नाही.

दुसरं, "पॉप होत नाहीये", म्हणजे उठून दिसत नाहीये. हे वाक्य ऐकून रागावू नका, ग्रेस्केल करून बघा. माझं केशरी टायटल हिरवट-निळ्या पार्श्वभूमीवर होतं, स्क्रीनवर एकदम झगझगीत, ग्रेस्केल केलं तर दोन्ही जवळजवळ एकच राखाडी. रंग वेगळे पण उजळपणा सारखा. वेब ॲक्सेसिबिलिटीच्या नियमांत साध्या मजकुराला किमान ४.५:१ आणि मोठ्या अक्षरांना ३:१ कॉन्ट्रास्ट सांगितलाय, तो स्क्रीनसाठी आहे पण पोस्टरलाही मी तोच आकडा धरते, मोजायची टूल्स फुकट मिळतात. माझं २ च्या आतच होतं.

आणि दोन जण एकाच जागेबद्दल अगदी उलट बोलले, एक म्हणतो खूण लहान कर, दुसरा म्हणतो मोठी कर, तर कोणाचं ऐकायचं याचा विचार नंतर करा. आधी त्या जागेला गोल करा, कारण दोघांचीही नजर तिथेच अडखळलीये.

पायरी ६: एका व्हर्जनला एकच बदल

हे ऐकायला सोपं, करायला महाकठीण. हात शिवशिवतात. रंग बदलता बदलता फॉन्टही बदलावासा वाटतो आणि मग पुढच्या फेरीत बरं झालं की वाईट, कशामुळे, काही कळत नाही. सुरुवातीच्या फेऱ्यांत मोठ्या उड्या ठीक, पण दिशा ठरली की एक बदल, एक नाव, एक नोंद. फाइलचं नाव "फायनल" नाही, दिशा आणि नंबर: क-०४, क-०५. जुनी फाइल ओव्हरराइट करायची नाही, सेव्ह ॲज. नोंद फक्त एका ओळीची, नाहीतर दोन दिवसांत सुटते. माझी अशी:

क-०५: ब मधली "वाचून झालं?" ही ओळ टायटल म्हणून आणली. सेलचा गैरसमज जातो का बघायला. पाचपैकी एकालाच सेल वाटला.
क-०६: दोन ओळींतलं अंतर कमी. "वाचून" मधल्या चू चा उकार खालच्या "झालं" च्या अनुस्वाराला टेकला. मागे घेतलं.
क-०७: टायटल रेग्युलर, तारीख बोल्ड. वर सांगितलंच.
क-०८: पुस्तक काढून टाकलं, नुसती खूण. दिसायला सगळ्यात सुंदर. कोणालाच काही कळलं नाही.
क-०९: पुस्तक परत, पण अर्धं कागदाबाहेर. खाली एक ओळ वाढवली, "एक आणा, एक न्या."

क-०६ बद्दल जरा. इंग्रजी पोस्टर्स बघून आपण ओळी घट्ट बसवायला जातो, पण देवनागरीत शिरोरेषेच्या वर वेलांट्या, रफार, अनुस्वार आणि खाली उकार, म्हणजे दोन्ही बाजूंनी वाहतूक. इंग्रजीच्या लॅटिन लिपीचं लीडिंग, म्हणजे ओळींमधलं अंतर, तसंच उचललं की टक्कर होणारच. टायटल दोनच शब्दांचं असेल तर हाताने एक-एक मात्रा बघा.

क-०५ मध्ये एक गोष्ट मी मुद्दाम केली, दोन दिशांचं मिश्रण. ते चालतं, पण एकदाच, आणि चाचणीनंतर. तिन्हीतलं थोडं थोडं घेऊन सगळ्यांना खूश करायला गेलं की जे होतं ते मी एकदा केलंय, दाखवणार नाही.

पायरी ७: खऱ्या मापात, खऱ्या अंतरावर

थोडक्यात सांगते कारण हे सगळ्यांना माहीत असतं आणि कोणी करत नाही. दोन ए-४ शेजारी चिकटवले की ए-३ होतो, तेवढं घरच्या प्रिंटरवरही जमतं. भिंतीवर लावा, तीन-चार मीटरवरून चालत जा, डोळे बारीक करून बघा, मग फोनवर फोटो काढून अंगठ्याएवढा करून बघा. पहिल्या पद्धतीत मी आदल्या रात्रीपर्यंत एकदाही प्रिंट काढली नव्हती, आणि स्क्रीनवर नाजूक, देखणी दिसणारी पाव पॉइंटची रेघ कागदावर गायब झाली. प्रेसला देताना चारी बाजूंना ३ मिमी ब्लीड (कापताना जाणारी जास्तीची पट्टी), फोटो ३०० डीपीआय (इंचाला ३०० ठिपके), रंग सीएमवायके मध्ये, म्हणजे छपाईच्या चार शायांत. झगझगीत निळे-हिरवे तिथे मावळतात, म्हणून हे रूपांतर शेवटच्या दिवशी नाही, दिशा ठरली की लगेच करून बघा.

पायरी ८: थांबायचं कधी

हॅरी बेकने लंडनच्या भुयारी रेल्वेचा तो प्रसिद्ध नकाशा १९३१ मध्ये काढला, खरी अंतरं सोडून सगळ्या रेषा आडव्या, उभ्या किंवा ४५ अंशांत. आधी नाकारला गेला. त्याने परत पाठवला, मग १९३२ मध्ये ५०० प्रतींची चाचणी झाली, मोजक्या स्टेशनांवर वाटून, आणि १९३३ ला ७ लाख छापल्या. मला यातलं ५०० फार आवडतं. आणि छापल्यावरही तो थांबला नाही, पुढची कित्येक वर्षं त्यात बदल करत राहिला.

अमेरिकन डिझायनर मिल्टन ग्लेझरचं उलटं. न्यूयॉर्कसाठीचं त्याचं पहिलं डिझाइन मंजूर झालं होतं, काम संपलं होतं, आणि नंतर टॅक्सीत बसल्या बसल्या त्याने पाकिटावर लाल क्रेयॉनने ते 'आय लव्ह न्यूयॉर्क'चं हृदयवालं गिरवलं. मंजूर झालेलं बाजूला ठेवायला त्याने क्लायंटला गळ घातली. ते १९७६ चं पाकीट आता न्यूयॉर्कच्या आधुनिक कला संग्रहालयात आहे. ही गोष्ट ऐकून सबमिशनच्या आदल्या रात्री सगळं बदलायला जाऊ नका, मी गेले होते.

म्हणून माझे दोन साधे नियम. नवीन माणसांच्या सलग दोन फेऱ्यांत नवी अडचण निघाली नाही तर थांबायचं. आणि ज्या बदलाचं कारण नोंदीच्या एका ओळीत लिहिता येत नाही तो बदल करायचा नाही, म्हणजे "जरा बरं वाटतंय" हे कारण नाही.

जे फसलं ते

३० दिवसांत ३० पोस्टर्स. हात चालू राहिला, पण कोणाला दाखवलंच नाही, दहाव्यापासून मी स्वतःच्याच युक्त्या परत परत करत होते. पाट्या टाकणं झालं ते.

निनावी फॉर्म. वाटलं नाव नसलं की लोक खरं बोलतील. २२ उत्तरं आली, १७ वेळा "नाइस". समोर बसून भुवया वर गेलेल्या दिसतात, फॉर्ममध्ये दिसत नाहीत.

अ, ब की क असा पोल. मतं मिळतात, कारणं नाही. शिवाय लोक आपलं मित्रत्वच मतात टाकतात.

चॅटबॉटला विचारणं. अलाइनमेंट, कॉन्ट्रास्ट, शुद्धलेखन पटकन पकडतो, त्यासाठी अजूनही वापरते. पण तो फोन हातात घेऊन कॉरिडॉरमधून चालत जात नाही, त्यामुळे रद्दीवाली गोष्ट त्याने मला सांगितली नाही, उलट बाणांमुळे देवाणघेवाण छान व्यक्त होते म्हणाला.

नोंदी जपून ठेवा, पोर्टफोलिओला उपयोगी पडतात. सगळ्या फेऱ्या टाकू नका, तीन दिशा, एक मोठी चूक लोकांच्या शब्दांसकट, आणि शेवटचं, एवढं एका पानावर बसतं. माझ्या पानावर अ अजूनही आहे, बाणांसकट, खाली लिहिलंय "रद्दी गोळा करणारेत का?" आणि पुढच्या ज्युरीला सरांनी आधी तिथेच बोट ठेवून विचारलं, "हे कोण म्हणालं?"